हवेच्या यंत्राचं झाकण

९ जानेवारी

वन्सं,

ही हाक वाचून तू हसणार, मला माहीत आहे. नवऱ्याच्या बहिणीला वन्सं म्हणायचे दिवस कधीच गेले, त्यातून तू माझ्यापेक्षा लहान. पण लग्नात कमरेवर हात ठेवून "मला वन्सं म्हणायचं, मान द्यायचा" असं तूच बजावलं होतंस. आता भोग आपल्या कर्माची फळं.

आज मात्र हसवायला लिहीत नाहीये. परवा मी बेशुद्ध पडले. आमच्याच झोपायच्या खोलीत, पलंग आणि नव्या कपाटाच्या मधल्या बोळात. अजून माझा विश्वास बसत नाही. आणि पाडलं कुणी, तर हवा शुद्ध करणाऱ्या यंत्राने!

माझ्या वासांच्या त्रासाचं तुला थोडंफार ठाऊक आहे. पार्लर बंद केलं ते त्यासाठीच. इतकी वर्षं लोकांच्या केसांना रंग लावले, नखं रंगवली, स्प्रे उडवले, आणि एक दिवस शरीराने हात वर केले. रंगाची बाटली उघडली की जीभ जड, डोकं फुटायला आलेलं, आवाज बसलेला. डॉक्टर म्हणाले, काहींचं शरीर रसायनांच्या बाबतीत असं नाजूक होऊन बसतं, त्यावर गोळी नाही, लांब राहायचं. लांब राहिले आणि बरी होते. मग घरात ही नवी कपाटं आली. त्यांचा तो गोंद, ते पॉलिश! दार उघडलं की कुणीतरी गळा धरल्यासारखं होतं.

तुझ्या दादाने कुठल्याशा प्रदर्शनातून एक लहानसं यंत्र आणलं. विकणारा म्हणे, हे हवा नुसती गाळत नाही, ताजी करतं. वीज पडून गेल्यावर हवेला वास येतो ना, तसा वास सोडतं. दादाने हौसेने लावलं, दारं-खिडक्या बंद केल्या आणि म्हणाला, घे आता मोठा श्वास. घेतला. छातीत चटका बसला आणि पुढचं काही आठवत नाही. डोळे उघडले तेव्हा तो तोंडावर पाणी मारत होता. पहिलं वाक्य काय म्हणाला असेल? "अगं, शुद्ध हवेने कुणी पडतं का?"

तू विजेच्या वस्तूंच्या दुकानात आहेस, दिवसभर ही यंत्रं विकतेस. हे काय होतं ते सांग. आणि मला चालेल असं एखादं यंत्र असेल तर तूच निवडून पाठव. दादा म्हणतो, हा शेवटचा प्रयत्न. जमलं नाही तर हे सगळं मनाचे खेळ आहेत असं समजायचं. कपाटं काही परत जाणार नाहीत.

फोन करू नकोस, बोलायला लागले की खोकला येतो. आणि पेन्सिलीने लिही, शाई मला सोसत नाही. तुझं पत्र आलं की मी ते आधी दोरीवर वाळत घालते, चिमटा लावून, आणि वास गेला की मग वाचते. शेजारी बघत असतात. बघू देत.

अजून शाबूत असलेली,
वहिनी


१५ जानेवारी

वहिनी,

पत्र वाचून मटकन खालीच बसले, भर दुकानात, गिऱ्हाइकासमोर. ते बिचारं मलाच पाणी आणायला धावलं.

अगं, दादाने आणलेलं यंत्र हवा शुद्ध करत नाही, ओझोन सोडतं! तो ताजा वास म्हणजेच ओझोन. फुप्फुसाला चावतो तो, धडधाकट माणसाच्यासुद्धा. तुझ्यासारखीला ते कुणी विकलं, त्याला एकदा माझ्यासमोर उभा कर. आत्ताच्या आत्ता ते घराबाहेर काढ.

आता माझं ऐक. आधी वासाचं मूळ बंद करायचं, यंत्र नंतर. नळ वाहता ठेवून फरशी पुसत बसण्यात काय अर्थ आहे? कपाटांच्या सगळ्या कच्च्या कडा, सांधे आणि आतली बाजू ॲल्युमिनियमच्या चिकटपट्टीने बंद करून घे. सुगंधी साबण, कपड्यांचा सुगंधी सोडा, सगळं बाहेर. खिडकी शक्य तेवढी उघडी.

मग यंत्र. दुकानात सगळे विचारतात, धूळ किती पकडतं. धूळ पकडायला बारीक कागदी गाळणी असते, ती हवीच. पण रंगाची, गोंदाची वाफ त्या कागदातून आरपार जाते. तिला अडवायला कोळसा लागतो, खास तयार केलेला, दाण्यादाण्यांचा. बरेच जण नावाला एक काळी पातळ चादर लावतात आणि कोळसा म्हणून विकतात. आपल्याला पेटीभर दाणे हवेत. यंत्र उचलताना हाताला ओढ बसली पाहिजे. दादाला सांग, तू वजनमापं तपासतोस ना, मग आधी उचलून बघ. अंग पत्र्याचं हवं, प्लॅस्टिक तापलं की वास मारतं. हवेत आयन सोडणारं, हवा ताजी करणारं काही नको. आणि कोळसा साधा, त्यात काही मिसळलेलं नको.

असं एक आमच्याकडे आहे. पाठवण्याआधी मी स्वतः खोका उघडला. आमच्या दुकानाच्या दारात तो सुगंधाचा डबा टांगलाय, कुणी आलं की फुस्स करतो. तोसुद्धा तेवढ्यापुरता बंद केला. मग कोळशाच्या पेटीत नाक खुपसून हुंगलं. काहीही नाही! पेटी स्वच्छ आहे, माझी हमी.

आल्यावर थोडे दिवस बाल्कनीत चालू ठेव, नवेपणाचा वास जाऊ दे. मग खोलीत घे.

मान हवा असलेली,
तुझी वन्सं


४ फेब्रुवारी

वन्सं,

काय लिहू, मला कळत नाही. तू एवढ्या मायेने पाठवलंस आणि मी कृतघ्न.

यंत्र आलं. दादाने उचललं, कमरेत लचक भरली आणि "वजनाला खरं आहे" असं प्रमाणपत्र दिलं. तू सांगितलंस तसं बाल्कनीत चालू ठेवलं. तोवर आम्ही कपाटांना पट्ट्या मारल्या. खोली आता अंतराळयानासारखी चकचकते. आणि गंमत सांगू? पट्ट्या मारल्या, साबण बदलला, तेवढ्यानेच मला जरा हलकं वाटायला लागलं होतं. मी म्हटलं, आता यंत्र आत आलं की मी नाचेनच.

यंत्र आत आलं आणि दुसऱ्या सकाळी मला उठवेना. घशात काहीतरी गोडसर बसलंय, सुकवलेल्या फुलांच्या पुड्या असतात ना तसं. जीभ बधिर. दादाला म्हटलं, यालाच वास येतोय. त्याने नाक लावलं आणि म्हणाला, कसलाही नाही. तुझ्या दादाच्या नाकाचं तुला माहीतच आहे. दूध करपून पातेलं काळं झालं तरी शेजारीण सांगायला येते. पण तू हुंगलं होतंस, तू कशी चुकशील?

दादा चिडलाय. ओरडत नाही, तेच वाईट. काल जेवताना म्हणाला, "कपाटाचा वास, यंत्राचा वास, उद्या माझा येईल." मी हसले. तो हसला नाही.

मी यंत्र बंद करू का? तू हो म्हण, म्हणजे मला त्याला सांगता येईल.

वहिनी


११ फेब्रुवारी

वहिनी,

राग मानू नकोस, पण मी हो म्हणणार नाही.

मी रोज ही यंत्रं हाताळते. साध्या कोळशाला गोड वास येतच नाही. मी स्वतः हुंगलंय गं! तू इतकी पोळलेली आहेस की आता तुला प्रत्येक खोक्यातून धूर निघताना दिसणार. शरीराला वेळ दे. थोडे दिवस काढ, बंद करू नकोस. दादालाही मी तेच कळवलंय.

सुकवलेली फुलं म्हणे! आमच्या गोदामात फुलं असती तर मी एखादा गजरा तरी केला असता.

तुझीच


१८ मार्च

वन्सं! वन्सं!

तू जिंकलीस. मी हरले आणि हरून इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

कधी झालं, कसं झालं, कळलंच नाही. तुझ्या पत्रानंतर मी दात-ओठ खाऊन यंत्र चालूच ठेवलं. आणि एका सकाळी उठले तर घसा मोकळा. मला धक्काच बसला. आरशासमोर जाऊन जीभ बाहेर काढून बघितली, ती जागेवर होती, नेहमीसारखी लांब. आता खोलीचं दार लावून झोपते. आवाज परत आलाय, गुणगुणते. तुझा दादा म्हणतो, खोकला बरा होता.

संध्याकाळी तो कामावरून आला की मी यंत्रावर हात ठेवते आणि त्याला सांगते, बघ ना, किती मोकळं वाटतंय, हे माझं दुसरं फुप्फुस आहे. तो म्हणतो, "छान." मी त्यालाही थोपटायला लावते. तो थोपटतो.

तुझी क्षमा मागते. सुकलेली फुलं माझ्या डोक्यातच होती. उन्हाळ्यात तुझ्याकडे येईन म्हणते, इतकं बरं वाटतंय!

गाणारी,
वहिनी


२६ मार्च

तुला,

सोबत एक पार्सल आहे. त्यात तुझ्या यंत्रातली कोळशाची पेटी आहे.

तुझ्या वहिनीने तुला मोठं आनंदाचं पत्र लिहिलं असेल. ते खरं आहे, ती बरी झाली आहे. पण ही पेटी गेल्या महिन्यापासून माझ्या ऑफिसच्या कपाटात, तपासणीच्या वजनांमागे पडून आहे. तू "थांब, वेळ दे" असं लिहिलंस त्याच आठवड्यात मी ती काढून नेली. यंत्रात आता फक्त पंखा आणि धुळीचा कागद आहे.

माझं काम तुला माहीत आहे. दुकानात जाताना मी "तपासायला आलोय" असं सांगत नाही. पिशवी घेऊन जातो, साखर मोजून घेतो आणि बाहेर आल्यावर वजन करतो. सांगून तपासलं तर प्रत्येक काटा खरा निघतो. इथेही तेच केलं. पेटी असताना तिला त्रास होत होता. पेटी काढली तर रोज सांगते, दुसरं फुप्फुस मिळालं. तूच सांग, मी यातून काय समजू?

मला आनंद झालेला नाही. इतकी वर्षं मी घरात अत्तर लावलं नाही, तिच्यासाठी पाहुणे बंद केले, भिंतींना रंग दिला नाही. आणि सगळं होतं कशाचं, तर कल्पनेचं. ती खोटं बोलते असं मी म्हणत नाही. तिला खरंच तसं वाटतं. पण ते हवेत नाही, एवढं सिद्ध झालं. आता तिला सांगायला हवं.

दादा


१ एप्रिल

दादा,

तुझं पत्र वाचलं. पार्सल मी उघडलंही नाही, माळ्यावर ढकलून दिलं. बघवेना.

तुझं गणित चुकलंय असं मला म्हणता येत नाही. म्हणावंसं खूप वाटतंय. पण दादा, ती रोज त्या रिकाम्या डब्याला थोपटत होती आणि तू बघत होतास? तूही थोपटत होतास? तुला कसं जमलं रे?

तिला आत्ता सांगू नकोस. मी रजा काढून येते. दोघं मिळून, समजुतीने सांगू. आधी तिला थोडं गाऊ दे.

तुझी बहीण


१० एप्रिल

वन्सं,

मला कळलं.

आम्ही जेवत होतो. तुझ्याकडे यायचं मी पुन्हा काढलं, प्रवासात यंत्र कसं न्यायचं असं विचारलं. त्याने ताट सरकवलं आणि म्हणाला, "न्यायची गरज नाही. ते रिकामं आहे." मला वाटलं चेष्टा करतोय. तो उठला, मला खोलीत नेलं आणि झाकण काढलं. काळ्या दाण्यांची पेटी जिथे असायची तिथे पोकळी. मी हात घातला, तो पाठच्या पत्र्याला जाऊन लागला. वन्सं, मी असं कधी घाबरले नव्हते. बेशुद्ध पडले तेव्हाही नाही.

तुलाही माहीत होतं, असं तो म्हणाला. असू दे.

मला त्याचा राग यायला हवा ना? येत नाहीये. मला माझीच भीती वाटतेय. ती बधिर जीभ मी माझ्या डोक्याने केली? पार्लर बंद केलं तेही उगाच? गिऱ्हाइकांना मी रडत रडत परत पाठवलं होतं गं. माझ्या या नाकाने घरादाराला वेठीला धरलं आणि नाक खोटं निघालं. आता दूध नासलंय की चांगलं आहे हेसुद्धा मी त्याला विचारते, म्हणजे बघ, कुणाला विचारते!

पण आता बास. मी ठरवलंय. कपाटांच्या पट्ट्या काल मीच ओढून काढल्या. झोपायची खोली रंगवायला रंगारी सोमवारपासून येतोय, आणि मी दुसरीकडे जाणार नाही. तिथेच बसणार. डोकं दुखलं तर म्हणणार, दुख. ते खोटं आहे हे आता मला माहीत आहे. त्यातून तरले की पार्लरचं कुलूप उघडायचं. दादा म्हणाला, "शाब्बास." बऱ्याच दिवसांनी म्हणाला.

हे पत्र पेनाने लिहिलं आहे. दिसतंय ना? तूही आता पेनानेच लिही. आणि दोरीचा चिमटा मी काढून टाकला आहे.

वहिनी


१९ एप्रिल

वहिनी,

आधी हे वाच, बाकी सगळं नंतर. तू बरोबर होतीस. पहिल्या दिवसापासून बरोबर होतीस.

तुझं पत्र आलं तेव्हा मी तापाने अंथरुणात होते, दुकानात गेलेच नव्हते. ताप उतरला आणि अपराध्यासारखं वाटून मी माळ्यावरचं ते पार्सल खाली काढलं. म्हटलं, निदान बघावं तरी कशापायी एवढं झालं. वरची चिकटपट्टी कापली आणि वहिनी, तोंडावर कुणीतरी उशी दाबावी तसा वास आला! गोडसर. सुकवलेल्या फुलांच्या पुड्यांसारखा. तुझेच शब्द, दुसरे मला सुचतच नाहीत.

माझा माझ्यावर विश्वास बसेना. शेजारच्या काकूंना बोलावलं, काही न सांगता. त्या दारातच थांबल्या आणि म्हणाल्या, "अत्तर सांडलंस का गं?" मी पेटी उलटी केली. दाण्यांच्या पाठीमागे एक पांढरी जाळी आहे. कंपनीने या खेपेपासून तिला सुगंध चोपडायला सुरुवात केलीय, कोळशाचा कोंदट वास लोकांना आवडत नाही म्हणून! आज गोदामात जाऊन विचारलं तर तिथला माणूस म्हणाला, हो, सगळ्याच पेट्या आता तशा येतात, गिऱ्हाइकांची तक्रार नाही.

आणि मी ती हुंगली होती. हमी दिली होती. दारातला डबा बंद केला, तेवढ्याने भागेल असं वाटलं. अगं, इतकी वर्षं त्या डब्याखाली उभी राहून माझं नाकच मेलंय. तापाने चार दिवस घरी पडले तेव्हा कुठे ते जागं झालं.

आता दादाचं गणित पुन्हा मांड. कपाटांना पट्ट्या मारल्यास, साबण बदललास, तेव्हा तुला बरं वाटायला लागलं. पेटी आत आली, तुला त्रास झाला. दादाने पेटी नेली आणि तू बरी झालीस. का नाही होणार? त्याने चोर घराबाहेर नेला होता, त्याला स्वतःला पत्ता नव्हता! त्याच्या तपासणीने तू खोटी ठरली नाहीस. तुझ्या नाकाने यंत्रातली पेटी गेल्याचं ओळखलं, कुणीही न सांगता.

हे सांगायला मी लगेच फोन लावला, म्हटलं खोकला आला तर येऊ दे. दादाने उचलला. मी ओरडले, रंग थांबव. तो म्हणाला, तू दवाखान्यात आहेस, रंगाचा दुसरा हात झाल्यापासून, आणि तुझा आवाज पूर्ण गेलाय. तू शेवटपर्यंत खोलीबाहेर यायला तयार नव्हतीस.

वहिनी, तू कशी बसलीस गं तिथे? आमच्या सांगण्यावरून?

मी पेन्सिलीने लिहिलं आहे. पत्र आधी दवाखान्याच्या खिडकीत टांगायला सांग. शाईचा वास तुला येतो. तो खरंच येतो.

चुकलेली,
तुझी वन्सं


२८ एप्रिल

तुला,

ती घरी आली आहे. बाहेरच्या खोलीत झोपते. आवाज अजून नाही, पाटीवर लिहून सांगते.

तुझं पत्र मी तिला वाचून दाखवलं. ती ऐकत राहिली. संपल्यावर पाटीवर लिहिलं, "पुन्हा वाच." मी पुन्हा वाचलं. असं तीन वेळा झालं.

तू फोनवर सांगितलंस तेव्हा मला एक आठवलं. पेटी माझ्या कपाटात होती तेव्हा आमच्या कारकून बाई म्हणाल्या होत्या, "साहेब, हल्ली वजनं काढली की छान वास येतो." मी त्यांना हसलो होतो. हे आठवलं आणि मी दवाखान्याच्या जिन्यातच बसलो. इतकी वर्षं लोकांचे काटे पकडले, आणि तपासायचं काय हेच मला कळलं नाही.

कपाटं मी काढतो आहे. स्क्रू फिरवून, एकेक फळी, स्वतः खाली नेतो. दुसरी पेटी मिळाली तर पाठव. यावेळी मी हुंगणार नाही, मला वासच येत नाही.

दादा


२ जून

वन्सं,

पेन्सिल, दोरी, चिमटा, सगळं पुन्हा जागेवर आलं. आवाजही आला, थोडा घोगरा. रागावले की चांगला वाटतो.

तू मुद्दाम बनवून घेतलेली नवी पेटी पोचली. पत्र्याची, नुसत्या दाण्यांची, जाळीबिळी काही नाही. काकूंना, त्यांच्या जावेला आणि दुधवाल्यालाही हुंगायला लावलंस हे वाचून मी बऱ्याच दिवसांनी हसले. मीही एक रात्र ती उशाशी ठेवून बघितली. काही नाही. नंतर यंत्रात घातली. रंगवलेली खोली अजून बंद आहे, खिडक्या सताड उघड्या टाकल्यात. पण बाहेरच्या खोलीत मी दार लावून बसते आणि छातीभर श्वास घेते. हवा खरंच चांगली आहे.

तुझ्यावर माझा राग नाही. तू चुकलीस आणि चूक कळल्याबरोबर ओरडत आलीस. दादाचं तसं नाही. तो वाईट नाही, हे तुला माझ्याकडून ऐकायची गरज नाही. कपाटं खाली नेताना त्याच्या हाताला फोड आले, त्याने दाखवलेसुद्धा नाहीत. पार्लरची खोली त्याने देऊन टाकली आणि मला म्हणाला, आता त्या वासात तू पाऊल टाकायचं नाहीस. रोज विचारतो, काय हवं, काय नको.

पण वन्सं, त्याने माझ्यावर विश्वास ठेवला नाही याचं मला तितकं काही वाटत नाही. ते मी समजू शकते. मला सारखं आठवतं ते त्याचं "छान." मी त्या रिकाम्या डब्यावर हात ठेवून आनंदाने सांगत असायचे, आणि तो माझ्या तोंडाकडे बघून "छान" म्हणायचा. आत काही नाही हे माहीत असून थोपटायचा. भांडी घासताना, वेणी घालताना, कधीही ते आठवतं आणि माझे हात थांबतात. इतका धक्का मला यंत्र रिकामं बघूनही बसला नव्हता.

आता आमच्याकडे रोज काय होतं ते सांगते. संध्याकाळी तो येतो आणि विचारतो, "बरं वाटतंय ना?" मी लगेच उत्तर देत नाही. उठते, यंत्र बंद करते, झाकण काढते, आत हात घालते. दाणे हाताला लागले की झाकण लावते, मग म्हणते, "हो."

काल तो म्हणाला, "मी आता पुन्हा असं करेन का गं?" मी म्हटलं, "तू दुकानात सांगून जातोस का?" तो स्वतःच उठला, झाकण काढलं आणि यंत्र माझ्याकडे वळवून धरलं. आत काळे दाणे गच्च भरलेले दिसत होते.

मी तरीही हात घालून बघितलं.

वहिनी